नोंदवहीतील कोऱ्या ओळी

शाळेच्या ग्रंथालयातील दाखल-नोंदवही आपल्या परिचयाची आहे. फाटलेले पुस्तक बाद केले की त्याच्या नोंदीवर तांबड्या शाईची रेघ मारतात. पुस्तक कपाटातून जाते, पण नोंदवहीचे पान काही कमी होत नाही. संगणकातील ग्रंथालयातही असेच घडते.

समजा, माणिकपूरच्या एखाद्या शाळेने बालभारतीची पाठ्यपुस्तके व इतर ई-पुस्तके 'कॅलिबर' या आज्ञावलीत लावली आहेत. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेली ही आज्ञावली विनामूल्य मिळते. पुस्तके लेखकवार फोल्डरांत राहतात. त्यांची सूची मात्र 'मेटाडेटा.डीबी' या एकाच 'एसक्यूलाइट' प्रकारच्या फायलीत असते. ही फाईल सारख्या आकाराच्या पानांची बनलेली असते.

नोंद पुसली तरी फाईल लहान होत नाही. रिकामे झालेले पान मोकळ्या पानांच्या यादीत जाते व पुढे नव्या नोंदींसाठी वापरले जाते. दर वेळी मागची सारी पाने पुढे सरकवायची तर फार वेळ जाईल. मात्र वारंवार पुसापुशी झाली की नोंदी विखुरतात आणि कोरी जागा साचते.

यावर उपाय 'व्हॅक्यूम' या क्रियेचा. तीत शिल्लक नोंदी नव्या फायलीत सलग उतरवून त्या जुनीच्या जागी लिहिल्या जातात. म्हणून चकतीवर फायलीच्या सुमारे दुप्पट जागा मोकळी लागते. कॅलिबरमध्ये 'लायब्ररी मेंटेनन्स'मधील 'चेक लायब्ररी' हे काम करते. शिवाय सूची आणि प्रत्यक्ष पुस्तके यांचा मेळही तपासते.

मध्येच वीज गेली तर? एसक्यूलाइट आधीच्या स्थितीची टिपण ठेवते. त्यामुळे अर्धवट काम पुढच्या वेळी रद्द होते. पण चकतीच बिघडली तर हे टिपणही वाचत नाही. म्हणून आधी आज्ञावली बंद करून संपूर्ण फोल्डरची प्रत दुसऱ्या चकतीवर घ्यावी. केवळ सूची बिघडली, तर प्रत्येक पुस्तकाशेजारी ठेवलेल्या 'मेटाडेटा.ओपीएफ' या फायलींवरून 'रिस्टोअर डेटाबेस' ती पुन्हा उभारते.

वर्गात हा प्रयोग करून पाहा. चाचणीसाठी वेगळे ग्रंथालय करा. शंभरेक पुस्तके भरल्यावर, बरीचशी पुसल्यावर आणि 'चेक लायब्ररी'नंतर अशी तीनदा सूचीच्या फायलीची लांबी फळ्यावर लिहा. पहिल्या दोन आकड्यांत फारसा फरक का नाही, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.