बेलमची गुहा : पाण्याने कोरलेले ध्यानस्थान

लेणी पाहायला निघालो की आपली पावले कार्ले, कान्हेरी, अजिंठा याच वाटेला लागतात. ती माणसाने छिन्नीने कोरली. पण कोणीही न कोरलेली, निव्वळ पाण्याने पोखरलेली आणि तरीही भिक्खू जिथे राहून गेले अशी एक गुहा आंध्र प्रदेशात आहे. नंद्याल (पूर्वीचा कर्नूल) जिल्ह्यातील बेलम. वस्तीतली चार कुटुंबे मिळून आम्ही ती पाहून आलो.

मुंबई-चेन्नई रेल्वेमार्गावर ताडिपत्रीला उतरायचे. तेथून रस्त्याने सुमारे 30 किलोमीटर. आपल्या स्वयंपाकघरातील ओट्याची काळी कडप्पा फरशी याच मुलखातली. ती चुनखडीच. पावसाचे पाणी हवेतला, मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होते आणि भेगांत झिरपून हा दगड विरघळवते. असे युगानुयुगे चालले की भुयार तयार होते. ओट्यावर लिंबू सांडले की डाग का पडतो, हे सोबतच्या भगिनींना तिथे चटकन उमगले!

इथे डोंगर शोधू नका. सपाट रानात विहिरीसारखे तीन खड्डे आहेत, मधल्यातून पायऱ्या उतरतात. गुहेची मोजलेली लांबी 3,229 मीटर. पैकी सुमारे दीड किलोमीटर पाहता येते. हवा खेळवण्याची सोय आहे, तरी घामाच्या धारा लागतात. सर्वात खोल जागा पाताळगंगा, सुमारे 46 मीटर खाली.

रॉबर्ट ब्रूस फूट यांनी 1884 साली या गुहेची नोंद केली. 1982-83 मध्ये गेबावर यांच्या जर्मन पथकाने ती धुंडाळली. मधल्या काळात गावचा कचरा इथेच पडे. 2002 पासून ती सर्वांना खुली आहे.

एका दालनाला ध्यानमंदिर म्हणतात. भिक्खू इथे ध्यानाला बसत, असे सांगतात. दुसरे दालन 'कोटिलिंगालू'. छतातून ठिबकणाऱ्या पाण्यातला चुना थिजून सुळके झाले, लोकांनी त्यांना लिंगे म्हटले. वाटाड्या त्यांच्यापाशी बराच वेळ रमला, भिक्खूंबद्दल मात्र एकच वाक्य बोलला. आमच्यातल्या सातवीतल्या मुलीने विचारले, "पाण्यानं केलं ना हे? मग लिंग कोणी ठरवलं?" वाटाड्या हसून पुढे गेला. आम्ही तिला सांगितले, बाळ, नाव माणसे देतात आणि जो नाव देतो त्याचाच इतिहास पुढे चालतो.

पण खरे तेवढेच बोलावे. इथे जैन मुनीही राहिले होते. त्यांना वगळून सारे आपलेच म्हणणे आम्हाला पटत नाही. अजिंठ्यासारखी चित्रेही आत शोधू नयेत. नुसता काळोख, ओलसर भिंत आणि शांतता आहे, ध्यानाला तेवढे पुरते.

गुहेबाहेर जवळच तथागतांचा सुमारे 40 फुटी पुतळा आहे. तिथे सर्वांनी त्रिसरण-पंचशील घेतले आणि मगच डबे उघडले. जाणाऱ्यांनी पाणी भरपूर प्यावे, पायात न घसरणारी चप्पल घालावी आणि गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना पाताळगंगेपर्यंत उतरवू नये.