तेल अवीवमध्येही मातीच्याच चुली!

इस्रायल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आधी रणगाडे येतात. तिथले कितीतरी चांगले सिनेमे मात्र दिवाणखान्यात घडतात. सोफ्यावर आई-बाबा, काका-मावश्या आणि मधोमध अडकलेला एक बिचारा मुलगा किंवा मुलगी. ओळखीचं वाटतंय ना?

हा सीन बघा. मुलगा ३१ वर्षांचा. दिसायला छान, पीएचडी करतोय. लग्नाचा विषय निघाला की टाळाटाळ. शेवटी आई-बाबा त्याला घेऊन मुलगी बघायला जातात. मोठी माणसं बाहेर गप्पा मारत बसतात आणि या दोघांना आतल्या खोलीत ‘जरा बोलून घ्या’ म्हणून सोडलं जातं. फक्त कांदेपोहे तेवढे नाहीत!

हे पुण्यातलं नाही, इस्रायलमधलं घर आहे. सिनेमा ‘लेट मॅरेज’, साल २००१, दिग्दर्शक डोव्हेर कोसाश्विली. जॉर्जियातून इस्रायलला येऊन स्थायिक झालेल्या ज्यू कुटुंबाची ही गोष्ट. आपल्या हीरोचं, झाझाचं एक सीक्रेट आहे. त्याचं ज्युडिथवर प्रेम आहे. ती त्याच्यापेक्षा मोठी, घटस्फोटित, एका लहान मुलीची आई. घरच्यांना सुगावा लागतो आणि एका रात्री अख्खं खानदान तिच्या फ्लॅटवर थडकतं. आधी हसू येतं, मग हळूहळू पोटात गोळा. कारण या मंडळींमध्ये व्हिलन कुणीच नाही. सगळ्यांचं झाझावर मनापासून प्रेम आहे आणि तीच तर खरी गोची आहे! सिनेमातल्या आईचं काम दिग्दर्शकाच्या सख्ख्या आईनं केलंय, म्हणूनच कदाचित ते इतकं खरं वाटतं.

झाझा त्या रात्री ठामपणे उभा का राहत नाही? एक साधं कारण म्हणजे त्याचा खर्च आई-बाबाच चालवतात. ‘आम्ही बाबा स्वतःच्या पगारावर जगतो,’ असं लगेच म्हणू नका. फ्लॅटचं डाउन पेमेंट कुणी भरलं, तेवढं आठवून बघा!

लग्न जुळवायला सगळे पुढे. पण मोडायचं असेल तर? त्यासाठी बघायचा ‘गेट : द ट्रायल ऑफ विवियन आम्सालेम’ (२०१४). रोनित आणि श्लोमी एल्काबेत्झ या बहीण-भावानं तो लिहिला आणि दिग्दर्शित केला, विवियनचं काम रोनितचंच. (‘लेट मॅरेज’मधली ज्युडिथही तीच!) आधी थोडा कायदा समजून घेऊ. इस्रायलमध्ये आपल्यासारखं रजिस्टर्ड मॅरेज नाही. ज्यू असाल तर लग्न आणि घटस्फोट दोन्ही रब्बींच्या म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या अखत्यारीत. मुसलमान आणि ख्रिश्चन असाल तर तुमच्या-तुमच्या धर्माच्या यंत्रणेकडे. म्हणून कित्येक जोडपी सायप्रसला विमानानं जाऊन लग्न करून येतात. आणि ज्यू बाईला घटस्फोट हवा असेल तर नवऱ्यानं ‘गेट’, म्हणजे सोडचिठ्ठीचा कागद, स्वखुशीनं तिच्या हातात ठेवावा लागतो. धार्मिक कोर्ट त्याच्यावर दबाव आणू शकतं, वेळ पडली तर तुरुंगातही टाकू शकतं. पण त्याच्या वतीनं सोडचिठ्ठी देऊ शकत नाही.

विवियनचा नवरा मारत नाही, दारू पीत नाही, बाहेर लफडं नाही. तो फक्त ‘नाही’ म्हणतो. पाच वर्षं! सिनेमा कोर्टाची खोली आणि बाहेरची बसायची जागा सोडून कुठेच जात नाही. तारीख पे तारीख पडत राहते. शेजारी येतात, भावंडं येतात, साक्षी देऊन जातात. एकदा ती थकून केस मोकळे सोडते, तर रब्बी तिच्यावरच खेकसतात. बस्स, एवढंच. पण बघताना आपलाच श्वास कोंडतो. एल्काबेत्झ भावंडांना विवियन सुचली ती त्यांच्या आईवरून. २००४ आणि २००८ मध्ये याच बाईवर त्यांनी आधीचे दोन सिनेमे केले, ‘गेट’ हा तिसरा. रोनित २०१६ मध्ये, अवघ्या ५१ व्या वर्षी कॅन्सरनं गेली.

‘आपला काय संबंध?’ असं वाटत असेल तर थांबा. कोकणातून इस्रायलला गेलेल्या, मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली मंडळींनाही याच यंत्रणेचा चटका बसलाय. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठानं त्यांच्या लग्नांवर शंका काढली. तुमचे पूर्वज अस्सल ज्यू होते का, ते आधी तपासू म्हणे! आपली मंडळी जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. १९६४ मध्ये सरकार आणि संसद त्यांच्या बाजूनं उभी राहिली, तेव्हा कुठे धर्मपीठानं नमतं घेतलं. त्याच दशकाच्या शेवटी घडणारा अव्ही नेशेरचा ‘टर्न लेफ्ट अ‍ॅट द एंड ऑफ द वर्ल्ड’ (२००४) जरूर बघा. वाळवंटातलं आडगाव, भारतातून आलेलं तळकर कुटुंब, मोरोक्कोतून आलेले शेजारी आणि क्रिकेट. तळकर बाबांच्या भूमिकेत कोण, तर ‘डीडीएलजे’मधला कुलजीत, म्हणजे परमीत सेठी!

अर्थात, २०२३ च्या ऑक्टोबरनंतर इस्रायलचं नाव घेतलं की गाझा आठवणारच, आणि ते विसरून सिनेमा बघा असं कुणी म्हणणार नाही. या घरांच्या पलीकडे आणखीही घरं आहेत. ती बघायची तर ‘अजामी’ (२००९). स्कंदर कोप्ती आणि यारोन शनी, एक अरब आणि एक ज्यू, या दोघांनी मिळून केलेला. जाफातल्या अजामी वस्तीत घडणारा हा सिनेमा ऑस्करच्या शेवटच्या पाचांत होता. नट बरेचसे हौशी, वस्तीतलेच. यात ओमर मुसलमान, त्याची हादिर ख्रिश्चन. पुढे काय वाढून ठेवलंय ते सांगायला हवं का? घर कुठलंही असो, ‘लग्न कुणाशी’ हा प्रश्न मुला-मुलीचा एकट्याचा नसतोच.

शेवटी एक डॉक्युमेंटरी. झोप उडवणारी. आर्नोन गोल्डफिंगरचा ‘द फ्लॅट’ (२०११). दिग्दर्शकाची आजी तेल अवीवमध्ये ९८ व्या वर्षी वारली. बर्लिनहून आलेली ही बाई. फ्लॅट रिकामा करायला घरचे जमतात. पर्सेस, हातमोजे, पुस्तकं, सगळं पिशव्यांमध्ये भरलं जातं. आणि त्या पसाऱ्यात सापडतं एक नाझी वर्तमानपत्र. त्यात १९३३ मधल्या पॅलेस्टाईनच्या सफरीची लेखमाला. लेखक होता एसएसचा अधिकारी लिओपोल्ड फॉन मिल्डेनश्टाइन आणि त्या सफरीत सोबत होते हेच ज्यू आजी-आजोबा! त्याहून मोठा धक्का म्हणजे महायुद्ध संपल्यावरही या दोन कुटुंबांची मैत्री पुन्हा सुरू झाली. आणि आजीची स्वतःची आई मात्र नाझींनीच मारली होती.

दिग्दर्शक आपल्या आईला विचारतो, तुला यातलं काय माहीत होतं? काहीच नाही. तिनं कधी विचारलं नाही, घरात कुणी सांगितलं नाही. जर्मनीत त्या अधिकाऱ्याच्या मुलीचीही तीच तऱ्हा. दोन घरं, दोन बाजू, गप्प बसण्याची रीत मात्र एकच.

झाझाच्या घरी सगळे बोलतात आणि तो गप्प. विवियन पाच वर्षं तेच तेच सांगतेय आणि कुणी ऐकत नाही. आजीच्या फ्लॅटमध्ये कुणी विचारलंच नाही. घर टिकवायचं म्हणून आपण जे बोलत नाही, त्याची किंमत घरातलंच कुणीतरी मोजतं. बऱ्याचदा ते पुढच्या पिढीतलं असतं.

तेव्हा पुढच्या लाँग वीकेंडला गावी जाल, तेव्हा मोबाइल बाजूला ठेवा. आजीजवळ बसा आणि एक प्रश्न विचारा. तिच्या लग्नाच्या वेळी तिला कुणी विचारलं होतं का? उत्तर ऐकायला मात्र पुरेसा वेळ काढून जा.