धिप्पाड चढाईपटूची पारख

गेल्या हिवाळ्यात शाळेच्या मैदानावर कबड्डीचे आंतरवर्गीय सामने चालले असता एका विद्यार्थ्याचे वडील आमच्याजवळ येऊन उभे राहिले. खानदेशातून सुरतेस येऊन उधन्याच्या यंत्रमागांवर अर्धे आयुष्य घालविलेले हे गृहस्थ. त्यांचा नववीतील मुलगा चढाईस निघाला, की प्रतिपक्षाच्या तिघांनाही तो आवरत नसे. ‘सर, पोराला लीगमध्ये घेतील का? घेणार असले, तर दहावीनंतर शिकवायचं कशाला?’ असे त्यांनी विचारले. प्रश्नाच्या उत्तरावर एका मुलाची वर्षे अवलंबून होती. म्हणून तत्काळ होय-नाही म्हणणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही.

प्रो कबड्डी लीग २०१४ साली सुरू झाली, आणि २०१७ पासून गुजरातचाही संघ तीत उतरला. तेव्हापासून ज्या खेळाला आम्ही लहानपणी हुतुतू म्हणत असू, त्यात लाखांचे आकडे ऐकू येऊ लागले. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगडचे सिद्धार्थ देसाई (चंदगड म्हणजे बेळगाव-वेंगुर्ले वाटेवरचा, आमच्या कोकणीभाषी मुलुखास खेटून असलेला तालुका) २०१८ साली यू मुंबा संघाने ३६ लाख ४० हजारांस घेतले. दुसऱ्याच वर्षी तेलुगू टायटन्सने त्यांच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. देहयष्टी भक्कम, पकड झाल्यावरही रक्षकांना ओढीत मध्यरेषा गाठणारे. मुलांना एवढेच दिसते. परंतु लीगमध्ये प्रथम उतरले, तेव्हा त्यांनी वयाची पंचविशी ओलांडली होती, हे कोणी पाहत नाही. त्यांनी ओढले ते पूर्ण वाढ झालेल्या पुरुषांना.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचे बळ ही निराळी गोष्ट. एकाची वाढ लवकर होते, दुसऱ्याची दोन वर्षांनी. कॅनडात बर्फावरील हॉकीचे वेड मोठे. तेथे रॉजर बार्न्सली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली दाखवून दिले, की वरच्या दर्जाच्या तरुण खेळाडूंत वर्षारंभी जन्मलेल्यांचा भरणा वर्षअखेरीस जन्मलेल्यांहून फार अधिक असतो. कारण साधे आहे. वयोगट १ जानेवारीपासून मोजला जातो. जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्या मुलाहून जवळजवळ वर्षाने मोठा, म्हणून अंगाने थोराड. तोच निवडला जातो, त्यालाच चांगला शिक्षक मिळतो. आपल्या शाळांतील निवडीही याहून फारशा वेगळ्या होत नसाव्यात.

मग पारख कशी करावी? आमच्या मते, खांद्यांकडे न पाहता पायांकडे पाहावे. निदानरेषा मध्यरेषेपासून पावणेचार मीटरांवर असते, आणि तिच्यापलीकडे एक मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा अधिक रक्षक असताना एक पाय तीपलीकडे टेकवून दुसरा अधांतरी राखावा लागतो. येथे वजन उपयोगी पडत नाही, तोल पडतो. चढाई तीस सेकंदांची; तेवढ्यात दम राखून, कोपऱ्यातला रक्षक घोट्याकडे केव्हा झेपावणार हे ओळखायचे असते. शिवाय पुरुष गटात राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांना ८५ किलोंची मर्यादा आहे. अंग वाढवीत जाण्यालाही सीमा आहेच. प्रदीप नरवाल यांनी २०१७ च्या हंगामात चढाईचे ३६९ गुण मिळविले. त्यांची ख्याती रक्षकांच्या साखळीखालून निसटण्याच्या ‘डुबकी’बद्दल. आणि देसाईंसारख्या बलवानासही पुढे खांद्याच्या दुखापतीने बराच काळ मैदानाबाहेर राहावे लागले.

आम्ही त्या मुलास महाविद्यालयातील मुलांबरोबर एक डाव खेळविला. सात चढायांत पाच वेळा तो धरला गेला. पहिल्या चार तर केवळ धडकेच्या भरवशावर. मात्र सहाव्या वेळी तो आत घुसला नाही. निदानरेषा ओलांडून, रक्षकास पुढे येऊ देऊन, पायाने स्पर्श करून परतला. ती चढाई आम्हांस बाकी सर्वांहून मोलाची वाटली. वडिलांना आम्ही सांगितले, की लीगचा विचार तो अठरा वर्षांचा झाल्यावर करू. दहावीनंतरचे शिक्षण मात्र थांबवू नका. त्यांचा चेहरा थोडा उतरला. परवा मधल्या सुट्टीत मुलगा मैदानावर एकटाच पाय मागे घेण्याचा सराव करीत होता.