हृदयाचे ऑपरेशन ठरले? किडनीचीही चौकशी करा

वस्तीतल्या कुणाचे बायपास किंवा झडपेचे ऑपरेशन ठरले की आपण कार्यकर्ते धावपळ करतो. रेशनकार्ड, आधार, रक्तदाते, घाटीतली रांग. या गडबडीत एक प्रश्न राहून जातो : रुग्णाची किडनी कशी आहे?

हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा दोन्ही किडन्यांकडे जातो. अनेक ऑपरेशनांत हृदय काही वेळ थांबवून रक्ताभिसरण हार्ट-लंग मशीनवर चालवतात. त्या वेळी रक्तदाब घसरला किंवा रक्तस्राव जास्त झाला, तर किडनीला फटका बसतो. बहुतेकांची किडनी सावरते, काहींवर मात्र डायलिसिसची वेळ येते. मधुमेह, उच्च रक्तदाब, अॅनिमिया किंवा किडनीचा जुना आजार असेल तर धोका वाढतो.

म्हणून ऑपरेशनआधी क्रिएटिनिनचा रिपोर्ट मागून घ्या आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर किती, हेही विचारा. किडनीचे बरेच काम मंदावले तरी क्रिएटिनिन नॉर्मल दिसू शकते. गुडघेदुखीसाठी मेडिकलवरून आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या रुग्ण घेत असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. अँजिओग्राफीत वापरलेला डायही किडनीवर ताण आणू शकतो. त्यामुळे अँजिओग्राफी आणि ऑपरेशन यांत किती दिवसांचे अंतर हवे, ते विचारा. बीपी-शुगरच्या कोणत्या गोळ्या कधी थांबवायच्या, हे डॉक्टरच ठरवतील. स्वतःहून एकही बंद करू नका.

ऑपरेशननंतर लघवी किती होते आणि क्रिएटिनिन किती, याकडे लक्ष ठेवा. ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ मिलिग्रॅमने वाढले तरी तो किडनीच्या इजेचा इशारा मानतात.

संशोधनही पुढे जात आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३,५११ रुग्णांच्या अभ्यासात शिरेतून अमिनो आम्ल दिलेल्या गटात ही इजा २६.९ टक्के रुग्णांना झाली, तर न दिलेल्या गटात ३१.७ टक्के. पण याचा अर्थ बाजारातून प्रोटीन पावडर आणून पाजणे नव्हे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाची अनेक ऑपरेशने आणि डायलिसिसही येते. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. कमावता माणूस ऑपरेशनातून वाचून डायलिसिसवर गेला, तर अख्खे घर बसते. म्हणून फाईल घेऊन जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्या.