न्हाणीघराला सूत्र हवं

घर सजवायचं म्हटलं की आपण आधी हॉलचा विचार करतो. मग बेडरूम, मग स्वयंपाकघर. बाथरूमची पाळी येईपर्यंत पैसे आणि उत्साह दोन्ही संपत आलेले असतात. मग उरलेल्या टाइल्स, सवलतीत मिळालेला आरसा, कुणी भेट दिलेला साबणाचा स्टँड आणि दुकानदाराने 'सध्या हेच चालतं' म्हणून गळ्यात मारलेले नळ, असं सगळं तिथे जाऊन बसतं. वास्तविक साऱ्या घरात हीच एक खोली अशी आहे, की तिथे आपण अनवाणी असतो, ओले असतो, एकटे असतो आणि निदान दोन मिनिटं तरी साबणामुळे डोळे मिटलेले असतात. म्हणून माझं म्हणणं असं, की सजावटीचा विचार सर्वांत काटेकोरपणे कुठे करायला हवा असेल, तर तो इथे.

मी घरांच्या अंतर्गत सजावटीचं काम करते. हल्ली बरेच लोक येतात ते 'आम्हाला थीम बाथरूम हवी' असं सांगतच येतात. थीम म्हणजे काय, असं विचारलं तर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एखादं चित्र असतं. कुणाला भिंतीवर डॉल्फिन आणि शिंपले हवे असतात, कुणाला महाबळेश्वरच्या हॉटेलात पाहिलेली काळीभोर बाथरूम हवी असते. पण थीम म्हणजे चित्र नव्हे. थीम म्हणजे सूत्र. हारातली फुलं वेगवेगळी असली तरी दोरा एकच असतो, तसं. जमीन, भिंत, नळ, खुंटी, दिवा, आरसा आणि बादली या सगळ्यांमधून जाणारा एक धागा.

गंमत अशी, की आपल्या जुन्या न्हाणीघरांना असं सूत्र होतं आणि ते कुणी मुद्दाम ठरवलेलं नव्हतं. खाली शहाबादी फरशी, कडेला कडप्प्याचा कट्टा, कोपऱ्यात तांब्याचा बंब, शेजारी घंगाळ, बसायला लाकडी पाट, भिंतीत एक कोनाडा आणि कपडे अडकवायला खुंट्या. दगड, तांबं आणि लाकूड, बस्स. शहाबादी फरशी शेजारच्या कर्नाटकातल्या, पूर्वी गुलबर्गा म्हणत त्या जिल्ह्यातून यायची आणि काळा कडप्पा आंध्रातून. जे टिकतं, जे परवडतं आणि जे ओल सोसतं तेच वापरलं जाई. सामान कमी, म्हणून मेळ आपोआप बसे.

आज नेमकं उलटं झालं आहे. गुजरातेतल्या मोरबीच्या कारखान्यांतून इतक्या प्रकारच्या टाइल्स येतात, की दुकानात शिरल्यावर डोळे दिपतात. मध्यंतरी तर ठरलेलाच साचा होता: खाली गडद टाइल, वर फिकट आणि मध्ये फुलांची 'हायलायटर' पट्टी. प्रत्येक वस्तू दुकानात सुंदरच दिसते, कारण तिथे ती एकटी असते. घरी आणून पाच बाय सात फुटांच्या खोलीत दहा सुंदर वस्तू एकत्र ठेवल्या, की त्या एकमेकींशी भांडायला लागतात.

मग सूत्र निवडायचं कसं? मी आधी तीन प्रश्न विचारते. पहिला प्रश्न, तुमच्याकडे पाणी कोणतं येतं? बोअरचं पाणी जड असेल, तर त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पाणी वाळल्यावर मागे उरतात. त्यांचे पांढरे डाग काळ्या चकचकीत टाइलवर, गडद काचेवर आणि चमकत्या नळांवर सर्वांत जास्त उठून दिसतात. करड्या, बिनचमकीच्या पृष्ठभागावर ते फारसे जाणवत नाहीत. म्हणजे हॉटेलातली काळी बाथरूम ही तिथे दिवसातून अनेकदा पुसणारा माणूस असतो म्हणून काळी राहते, हे ध्यानात घ्यायला हवं.

दुसरा प्रश्न, अंघोळ कोण करतं आणि कशी करतं? शॉवरखाली उभं राहून, की बादली घेऊन, बसून? आपल्या बहुतेक घरांत आजही बादली आहे, मग आहे आणि स्टूल आहे. परदेशी मासिकांतल्या छायाचित्रांत ही मंडळी कधीच दिसत नाहीत. म्हणूनच त्या छायाचित्रांबरहुकूम सजवलेल्या बाथरूममध्ये गुलाबी बादली आणि निळा मग येऊन बसले, की पहिल्याच आठवड्यात थीमचा निकाल लागतो. ज्या सूत्रात बादलीला जागा नाही, ते सूत्र आपल्या घरचं नाही. आणि तिसरा प्रश्न, उजेड किती आहे? खिडकी डक्टमध्ये उघडत असेल, तर दिवसाही दिवा लावावा लागणार. मग भिंतींचा रंग त्या हिशेबाने घ्यायचा.

या तीन प्रश्नांनी काय फरक पडतो, ते एका उदाहरणाने सांगते. पुण्यातलं एक कुटुंब, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. नवरा-बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी. मुलीला काळी, चकचकीत, 'स्पा'सारखी बाथरूम हवी होती. आई-वडिलांची हरकत नव्हती. नमुन्याची टाइल मी टेबलावर ठेवली तेव्हा आजी शांतपणे म्हणाल्या, "काळ्या फरशीवर पाणी सांडलंय की नाही, ते मला कसं दिसायचं गं?" त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता. मग हळूहळू कळलं, की घरात कुणी नसलं की त्या अंघोळच करत नसत. सगळे संध्याकाळी परतेपर्यंत थांबत. पडण्याची भीती होती, आणि ती त्यांनी कुणालाही सांगितलेली नव्हती.

त्या बाथरूमचं सूत्र मग आम्ही आजींच्या पायांपासून ठरवलं. सूत्र होतं 'दगड'. जमिनीला पॉलिश न केलेला, पाय धरून ठेवणारा करडा-हिरवट कोटा. भिंती फिकट करड्या, जमिनीहून स्पष्टपणे वेगळ्या, म्हणजे जमीन कुठे संपते ते अधू नजरेलाही कळावं. मुलीचा काळा रंग वाया गेला नाही. तो आरशाखालच्या कडप्प्याच्या फळीत आला, जिथे पाणी कमी उडतं. नळ, खुंट्या आणि जाळी एकाच प्रकारच्या, बिनचमकीच्या स्टीलमध्ये. बादली करडी, प्लॅस्टिकची, कारण स्टीलची आजींना जड झाली असती. आणि साऱ्या करड्या रंगात उठून दिसणारी एकच वस्तू, आजींचा जुना तांब्या.

खरा प्रश्न होता आधाराच्या दांड्याचा. आजींना तो नको होता. "मला काय दवाखान्यात ठेवताय?" असं त्यांचं म्हणणं. पांढऱ्या प्लॅस्टिकचा दांडा भिंतीवर एकटाच लागला असता, तर तो खरोखरच दवाखान्यातला वाटला असता. पण नळांच्याच धातूचा, त्याच जाडीच्या बाकीच्या दांड्यांच्या ओळीत तो बसवल्यावर तो त्या खोलीचाच एक भाग झाला. त्यांना स्टुलावर बसवून, उठताना हात आपोआप कुठे जातो ते पाहून त्याची जागा ठरवली. सूत्राचा हा उपयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. गरजेची वस्तू सूत्रात बसली, की ती वापरणाऱ्याला ओशाळवाणं वाटत नाही. इथे एक इशारा देते, टॉवेलचा दांडा म्हणजे आधाराचा दांडा नव्हे. टॉवेलचा दांडा माणसाचं वजन पेलत नाही. आधाराचा दांडा भक्कम भिंतीत, योग्य स्क्रूंनी, जाणत्या माणसाकडून बसवून घ्यावा.

दगडाच्या सूत्राला एक पथ्य आहे. शहाबादी, कोटा आणि कडप्पा हे तिन्ही चुनखडीच्या जातीचे दगड. त्यांना आम्ल चालत नाही. संडास साफ करायचं ॲसिड त्यांवर पडलं तर पृष्ठभाग खाऊन टाकतं. ज्या चिंचेने तांब्या लखलखीत होतो, ती चिंचसुद्धा फरशीवर तशीच राहिली तर डाग पाडते. तेव्हा तांब्या स्वयंपाकघरातच घासावा.

प्रत्येकाला दगडच हवा असं नाही. रंगाचंही सूत्र असतं. पणजीला गेलात तर मेनेझेस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातल्या टाइल्स अवश्य पाहा. पोर्तुगीज धाटणीच्या या टाइल्सवर कामोइशच्या महाकाव्यातले प्रसंग रंगवले आहेत. माणसं, जहाजं, समुद्र असं पुष्कळ काही आहे, पण गर्दी वाटत नाही, कारण निळा आणि पांढरा यांचाच खेळ मुख्य आहे. हे तत्त्व भाड्याच्या घरातही वापरता येतं. टाइल्स पांढऱ्या असतील तर त्यांना हात न लावता बादली, मग, स्टूल, पडदा आणि पायपुसणं एवढंच निळ्याच्या दोन-तीन छटांत आणा. काही शे रुपयांत खोली बदललेली दिसेल.

आता नव्याने काम काढणाऱ्यांसाठी चार गोष्टी. सजावटीच्या आधी वॉटरप्रूफिंग. ते झाल्यावर जाळी बंद करून जमिनीवर निदान चोवीस तास पाणी साठवून ठेवा आणि खालच्या मजल्यावर ओल येते का पाहा. उतार जाळीकडे साधारण ऐंशी इंचांना एक इंच असावा. मिस्त्री समोर असतानाच बादलीभर पाणी ओतून खात्री करा. टाइलचे सांधे शक्य तर इपॉक्सीने भरा. खर्च जास्त, पण ते पाणी पीत नाहीत. सांध्याचा रंग टाइलच्या जवळचा घ्या, म्हणजे छोट्या खोलीत रेघांची जाळी दिसत नाही. आणि दिवे एकाच प्रकारच्या उजेडाचे लावा. एलईडीच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो: 3000 म्हणजे पिवळसर, 6500 म्हणजे पांढराशुभ्र. आरशावर एक आणि छतावर दुसरा लावला, तर एकच भिंत दोन रंगांची दिसते.

टाइल घेताना माहितीपत्रकात 'आर-9' ते 'आर-13' असे आकडे दिसतील. आकडा मोठा, तितकी पकड जास्त. मात्र ही चाचणी बूट घालून, तेलकट पृष्ठभागावर करतात. अनवाणी पायांसाठी ए, बी आणि सी अशा वेगळ्या श्रेणी असतात आणि ती चाचणी साबणाच्या पाण्यावर होते. आपल्या कामाची ती. दुकानदाराला तीच विचारा. त्याला सांगता आली नाही, तर एक टाइल घरी आणा, बाथरूमच्या दिव्याखाली ठेवा, तिच्यावर साबणाचं पाणी ओता आणि खुर्चीवर बसून टाच घासून पाहा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसालाही पाहू द्या. त्यांची टाच सरकली नाही आणि त्यांना सांडलेलं पाणी दिसलं, तर ती टाइल घ्या. भिंतीचा रंग, नळांचा धातू, आरसा आणि बादली मग तिच्या शेजारी ठेवून निवडा. सूत्राची सुरुवात जमिनीपासून करायची, ती अशी.