चादर कुठल्या टप्प्यावर?

सोलापूरच्या पूर्व भागातला बारावी वाणिज्यचा वर्ग. सर फळ्यावर एकच रेघ ओढतायत. ती खालून संथ निघते, चढते, वर थोडी सपाट धावते आणि उतरते. हे मालाचं जीवनचक्र. खाली चार शब्द: परिचय, वाढ, परिपक्वता, घट. टेबलावर मरून रंगाची, जेकार्डच्या नक्षीची चादर.

"हिला कुठं ठेवायचं?"

"घट!" पुढच्या बाकांवरून एकदम आवाज येतो.

सर कारणं मागतात. पानिपतची पॉलिस्टरची ब्लँकेटं मऊ, हलकी, लवकर वाळणारी. शिवाय 'सोलापुरी' म्हणून भलतीकडचाच माल खपतो. चादरीला आणि टेरी टॉवेलला २००५ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे सर फळ्याच्या कोपऱ्यात लिहितात. पण गठ्ठ्यातली चादर कुठल्या मागावरची, हे गिऱ्हाईक विचारतं का? "नाही," वर्ग म्हणतो. कुणीतरी गिरण्यांचं नाव काढतं. १८७७ ची जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू, सगळ्या बंद. सर तिथं लगेच थांबवतात. गिरणी बंद पडणं आणि माल संपणं या दोन गोष्टी आहेत; गिरण्या गेल्यावरही या भागातले यंत्रमाग चादरी काढतच होते.

मग ते नायलॉनकडे वळतात. विपणनाचे अभ्यासक थिओडोर लेव्हिट यांनी १९६५ च्या लेखात याच रेघेबद्दल लिहिताना नायलॉनचा दाखला दिला होता: आधी पॅराशूट आणि दोर, पुढं मोजे, मग टायर. नवा उपयोग सापडला, की उतरणारी रेघ पुन्हा चढते. "चादरीचं जाकीट शिवलं तर?" एक मुलगी विचारते. सर तेही लिहून घेतात.

मागच्या बाकावरचा मुलगा उठतो. त्याचे वडील कारखान्यात माग चालवतात.

"सर, आमच्याकडं चादर बंद झाली. आता टॉवेल. त्याला बीम दोन लागतात. एक ताणून धरायचा, दुसरा ढिला सोडायचा, त्याचेच लूप होतात. पप्पांना शिकायला वेळ लागला, पण माग तर येतच होता."

सर खडू त्याच्या हातात देतात. तो जागेवरच घुटमळतो, मग पुढं येऊन पहिली रेघ उतरते तिथूनच दुसरी रेघ वर काढतो. मला या तासातलं सगळ्यात मोलाचं काम हेच वाटतं. घट आली की खर्च आवरा, माल मागं घ्या, असा सल्ला कंपनीला देता येतो. एका घराला हातातली कला मागं घेता येत नाही. ती दुसऱ्या मालात घालावी लागते, आणि त्या मधल्या काळाचा पगार कोण देतो हे या आलेखात कुठंच नसतं.

"आणि विडीचं काय सर?" खिडकीजवळची मुलगी. "आई विड्या वळते."

सर लगेच बोलत नाहीत. "विडीची रेघ उतरतीच हवी, तंबाखू आहे ती," ते म्हणतात. "पण आईची रेघ वेगळी काढ. विडी सोडून त्या हातांना काय करता येईल, ते तिलाच विचार."

"युनिफॉर्मच्या शिलाईला जाऊ म्हणते. मशीन नाही."

"तेही लिही."

तास संपत आलाय. गृहपाठ ठरतो: आजोबांपासून आजपर्यंत घरात कुठला माल निघाला, आणि आधीचा का सुटला.

"सर, आजी तेलुगूतच सांगणार. मी मराठीत लिहू?"

"लिही. मालाची नावं मात्र ती म्हणेल तशीच ठेव."