छोट्या कॅबिनेटसाठी सीपीयू कूलर कसा निवडाल? उंचीइतकीच महत्त्वाची असते प्रोसेसरची ‘भूक’!

टेबलाखाली गुडघ्याएवढा उंच कॉम्प्युटर ठेवायला आता अनेक घरांत जागाच नसते. त्यामुळे बुटाच्या खोक्याएवढ्या कॅबिनेटमध्ये दमदार पीसी बसवण्याची हौस वाढली आहे. मदरबोर्ड छोटा मिळतो, पॉवर सप्लाय छोटा मिळतो, ग्राफिक्स कार्डही शोधलं की सापडतं. गाडी अडते ती प्रोसेसरच्या कूलरपाशी.

इथे चूक झाली तर दोनपैकी एक गोष्ट होते. एकतर कॅबिनेटचं साइड पॅनल बंदच होत नाही, किंवा ते बंद होतं आणि मे महिन्यात गेम सुरू केला की फॅन मिक्सरसारखा ओरडायला लागतो. पहिली चूक लगेच कळते आणि कूलर परत करता येतो. दुसरी चूक कळेपर्यंत परत करायची मुदत संपलेली असते!

मग कूलर निवडताना नेमकं काय बघायचं? चला, जाणून घेऊया.

कूलर थंड करत नाही, उष्णता हलवतो

नाव कूलर असलं तरी तो एसीसारखा थंडावा तयार करत नाही. प्रोसेसरवर तांब्याचा सपाट तळ टेकलेला असतो. त्यातून बारीक नळ्या निघतात, त्यांना हीटपाइप म्हणतात. या बंद नळ्यांमध्ये अगदी थोडा द्रव असतो. गरम टोकाला त्याची वाफ होते, ती थंड टोकाला जाऊन पुन्हा द्रव होते आणि परत फिरते. वाटेत ही उष्णता पातळ पत्र्यांना मिळते आणि फॅन ती हवेत सोडतो.

म्हणजे सगळा भार शेवटी खोलीतल्या हवेवर येतो. २५ अंशांच्या खोलीत एखाद्या कामाला प्रोसेसर ७५ अंशांवर जात असेल, तर ४० अंशांच्या खोलीत त्याच कामाला तो ९० च्या आसपास पोचेल. परदेशातले रिव्ह्यू बहुतेक वेळा गार खोलीत केलेले असतात. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो. त्यामुळे रिव्ह्यूमधला आकडा पाहताना त्यात आपल्या खोलीची गरमी मिळवायलाच हवी.

पहिला आकडा: उंची

मोठ्या कॅबिनेटमध्ये बसणारा नॉक्टुआचा एनएच-डी१५ हा टॉवर कूलर १६५ मिमी उंच आहे. आता छोटी कॅबिनेट पाहा. सुमारे १८ लिटरच्या कूलर मास्टर एनआर२०० मध्ये १५५ मिमीपर्यंतचा कूलर बसतो, म्हणजे मध्यम आकाराचा टॉवरही चालतो. पण ७.२ लिटरच्या डॅन ए४-एसएफएक्समध्ये जागा उरते फक्त ४८ मिमी!

लिटरचा अंदाज येत नसेल तर पाण्याचा २० लिटरचा जार डोळ्यांसमोर आणा. साधारण अर्ध्या जारात मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय आणि कूलर असं सगळं कोंबायचं असतं.

अशा जागेसाठी लो-प्रोफाइल कूलर मिळतात. नॉक्टुआच्या एनएच-एल९ मालिकेतले सर्वांत बुटके कूलर ३७ मिमीचे आहेत. थर्मलराइटचा एएक्सपी९०-एक्स४७ हा ४७ मिमीचा आहे. नॉक्टुआचा एनएच-एल१२एस ७० मिमीचा असून त्याला १२० मिमीचा मोठा पण चपटा फॅन असतो. उंची वाढली की पत्र्यांचं क्षेत्रफळ वाढतं, फॅन मोठा बसतो आणि तीच उष्णता कमी आवाजात बाहेर जाते.

उंची पाहताना एक खबरदारी घ्या. तो आकडा फॅनसकट आहे ना? एनएच-एल९ चा नुसता हीटसिंक २३ मिमीचा आहे. त्यावर १४ मिमीचा फॅन चढला की ३७ मिमी होतात.

कूलरला जागा दिली की ग्राफिक्स कार्डाची जाते

स्वीडनच्या फ्रॅक्टल डिझाइन कंपनीचं टेरा हे १०.४ लिटरचं कॅबिनेट याचं उत्तम उदाहरण आहे. त्याच्या आत मधोमध एक सरकती भिंत आहे. एका बाजूला मदरबोर्ड आणि कूलर, दुसऱ्या बाजूला ग्राफिक्स कार्ड. भिंत सरकवून कूलरसाठी ४८ पासून ७७ मिमीपर्यंत जागा करता येते. पण ती जागा येते समोरच्याच बाजूतून. कूलरला दिलेला प्रत्येक मिलिमीटर ग्राफिक्स कार्डाच्या जाडीतून वजा होतो.

ग्राफिक्स कार्डाचा एक स्लॉट म्हणजे सुमारे २० मिमी. त्यामुळे दोन स्लॉटचं कार्ड घेतलं तर कूलर उंच घेता येतो. तीन स्लॉटचं जाडजूड कार्ड घेतलं तर कूलरला अंग चोरून बसावं लागतं. म्हणून आधी कार्ड ठरवा आणि मग कूलरकडे वळा.

खोक्यावरचे वॅट का फसवतात?

उंची जुळली की बहुतेक जण दुसरा आकडा बघतात तो टीडीपी, म्हणजे वॅट. प्रोसेसर ६५ वॅटचा, कूलरही ६५ वॅटचा, झालं काम! असं वाटणं साहजिक आहे, पण हिशोब इतका सरळ नाही.

एएमडीच्या एएम५ सॉकेटवर ६५ वॅट टीडीपीचा प्रोसेसर प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो. १०५ वॅटच्या प्रोसेसरसाठी ही मर्यादा १४२ वॅट, तर १७० वॅटच्या प्रोसेसरसाठी २३० वॅट आहे. इंटेलच्या कोअर आय५-१३४०० ची मूळ पॉवर ६५ वॅट सांगितली जाते, पण टर्बोमध्ये तीच १४८ वॅटपर्यंत जाऊ शकते.

कूलरवर लिहिलेले वॅट तर आणखी निसरडे. ते मोजण्याची सगळ्या कंपन्यांना बांधून ठेवणारी एकच पद्धत नाही. नॉक्टुआ तर आपल्या कूलरसाठी वॅटचा आकडा देतच नाही, त्याऐवजी तुलना करता यावी म्हणून स्वतःचं वेगळं रेटिंग देते.

खरी निवड इथे होते

आता दोन प्रोसेसर शेजारी ठेवूया: रायझन ५ ७६०० आणि रायझन ५ ७६००एक्स. दोन्ही सहा कोरचे. ७६०० चा कमाल वेग ५.१ गिगाहर्ट्झ, ७६००एक्सचा ५.३. फरक सुमारे ४ टक्के. विजेची मर्यादा मात्र ८८ वॅटवरून १४२ वॅटवर जाते, म्हणजे तब्बल ६१ टक्के जास्त!

असं का होतं? प्रोसेसरचा वेग एका टप्प्यापुढे न्यायचा तर त्याला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. त्यामुळे वेगाचे शेवटचे काही टक्के फार महाग पडतात. मोठ्या कॅबिनेटमध्ये ही चैन परवडते. ४७ मिमीच्या कूलरवर तीच चैन आवाज आणि उष्णतेच्या रूपाने अंगावर येते. व्हिडिओ एक्सपोर्टसारख्या, सगळे कोर एकदम राबवणाऱ्या कामात जास्त वॅटचा फायदा थोडा अधिक दिसतो. गेमिंगमध्ये तो क्वचितच जाणवतो.

आणि ७६००एक्स आधीच घेतला असेल तर? घाबरायचं कारण नाही. बायोसमध्ये ‘इको मोड’ नावाची सोय असते. ६५ वॅटचा इको मोड निवडला की विजेची मर्यादा ८८ वॅटवर येते. इंटेलच्या अनेक बोर्डांवरही पॉवर लिमिट कमी करता येतं. नवा कूलर घेण्याआधी हा बिनपैशाचा उपाय करून बघायला काय हरकत आहे?

आणखी एक फुकटचा पर्याय म्हणजे साध्या ७६०० सोबत खोक्यातच येणारा रेथ स्टेल्थ कूलर. त्याची उंची सुमारे ५४ मिमी आहे. तेवढी जागा असेल तर आधी तोच लावून पाहा. आवाज सहन होत नसेल तर मग बदला.

९५ अंश दिसले म्हणून मात्र दचकू नका. रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ अंश आहे. तिथे पोचल्यावर ते स्वतःच वेग कमी करून स्वतःला सांभाळतात. प्रोसेसर जळत नाही, पण ज्या वेगासाठी पैसे मोजले तो मिळत नाही.

कूलरला ताजी हवा मिळते का?

लो-प्रोफाइल कूलरचा फॅन साधारणपणे हवा वरून खाली, थेट मदरबोर्डवर फेकतो. याचा एक फायदा म्हणजे आजूबाजूच्या पार्टनाही थोडा वारा लागतो. पण फॅन आणि साइड पॅनल यांच्यात मोठी फट राहिली तर हीच गरम हवा वळसा घालून पुन्हा फॅनमध्ये शिरते.

म्हणून कूलरसमोरचं पॅनल जाळीचं हवं आणि फॅन त्याच्या जवळ हवा. काच असेल तर फॅनला श्वासच घेता येत नाही. फट मोठी असेल तर फॅनभोवती फोमची चौकट बसवून बाहेरचीच हवा आत येईल अशी सोय करता येते. नॉक्टुआ एनएच-एल९ मालिकेसाठी अशी तयार चौकट विकते. मात्र फॅन जाळीला अगदी चिकटला तर आवाज वाढू शकतो.

पैसे देण्याआधी चार गोष्टी तपासा

१. जागा: कॅबिनेटच्या माहितीपत्रकातली कूलरची कमाल उंची पाहा आणि कूलर त्याहून एक-दोन मिमी तरी कमी घ्या.

२. रॅम: रुंद कूलर रॅमच्या डोक्यावर येऊ शकतो. साधी रॅम सुमारे ३१ मिमी उंच असते. दिवे लावलेली रॅम अनेकदा ४० मिमीच्या पुढे जाते. छोट्या पीसीत दिव्यांचा मोह टाळलेला बरा.

३. सॉकेट: इंटेलच्या एलजीए १७०० ची भोकं आधीच्या एलजीए १२०० पेक्षा वेगळ्या अंतरावर आहेत. एएम४ चे बरेच कूलर एएम५ वर चालतात, पण मागची पट्टी काढून लावावे लागणारे चालत नाहीत. एनएच-एल९ए ची एएम५ साठी वेगळी आवृत्ती आहे ती त्यामुळेच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा ऑनलाइन, खोक्यावर सॉकेटचं नाव वाचूनच पैसे द्या.

४. खोली: पीसी एसीच्या खोलीत चालणार आहे की उन्हाळ्यात पंख्याखाली? पंख्याखाली असेल तर कूलर एक पायरी वरचा घ्या किंवा वॅट एक पायरी खाली आणा.

थोडक्यात काय, तर छोट्या कॅबिनेटमध्ये कूलरला हवी तेवढी जागा देता येत नाही, ती आधीच ठरलेली असते. प्रोसेसरने किती वीज खायची हे मात्र आपल्या हातात असतं. ती भूक आवरली की ४७ मिमीचा कूलरही मे महिन्याची दुपार निभावून नेऊ शकतो.